फर्मवेअरला दोष देण्याआधी व्होल्टेज मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्मार्ट प्लगमधले कंपनीचे सॉफ्टवेअर काढून तिथे टास्मोटासारखे मुक्त फर्मवेअर (उपकरणाच्या चिपवर चालणारे सॉफ्टवेअर) कसे घालावे, यावर आपल्या पुरवणीत लेख आला. विषय मराठी वृत्तपत्रात आला याचे समाधान आहे. कंपनीने सर्व्हर बंद केला की धडधाकट उपकरण निरुपयोगी होते, हा लेखातला मुद्दाही खराच आहे. स्मार्ट होमची उपकरणे विकणाऱ्या रिव्हॉल्व्ह हबच्या ग्राहकांना २०१६ मध्ये आणि इन्स्टिऑनच्या ग्राहकांना एप्रिल २०२२ मध्ये हाच अनुभव आला. मात्र ‘चार वायरी जोडा, फाइल चढवा’ एवढ्यावर लेख थांबतो. माणसे अडकतात ती त्याच्या पुढे, आणि अडकण्याची कारणे सॉफ्टवेअरपेक्षा विजेत जास्त सापडतात.

पहिली गोष्ट लेखात यायलाच हवी होती. प्लग भिंतीच्या सॉकेटमध्ये असताना त्याला संगणक कधीही जोडायचा नाही. वीज मोजणाऱ्या बऱ्याच प्लगमध्ये आतल्या सर्किटचा ‘ग्राउंड’ थेट २३० व्होल्टच्या एका तारेला बांधलेला असतो, मध्ये ट्रान्सफॉर्मरची आड नसते. अशा वेळी संगणकाला प्लगशी जोडणाऱ्या सिरियल अॅडॉप्टरची वायर म्हणजे फेजची वायर. लॅपटॉप जातो, आणि कधी माणूसही. प्लग उपटल्यावरही आतल्या ४०० व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. काही मिनिटे थांबून, मल्टिमीटरने तपासून मगच बोट लावावे.

आता खरेदी. लेखात ‘कोणताही तुयाचा प्लग चालतो’ (तुया म्हणजे अनेक ब्रँडना स्मार्ट उपकरणांचे तंत्र पुरवणारी कंपनी) असे म्हटले आहे, ते आता खरे राहिलेले नाही. टास्मोटा चालते ते एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी८२६६, ईएसपी८२८५ आणि ईएसपी३२ या चिपांवर. तुयाच्या जुन्या मालात हीच चिप असे. डिसेंबर २०१८ मध्ये लाइपझिगच्या हॅकर परिषदेत तुयाच्या सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची फट जाहीर झाली आणि तुया-कन्व्हर्ट या साधनाच्या साहाय्याने प्लग न उघडता, हवेतूनच फर्मवेअर बदलता येऊ लागले. ती फट पुढे बुजवली गेली. नंतर चिपही बदलली. म्हणून प्लग उघडल्यावर आधी हिरव्या-निळ्या छोट्या मॉड्यूलवरचे नाव वाचावे. टीवायडब्ल्यूई३एस किंवा टीवायडब्ल्यूई२एस असेल तर ईएसपी. डब्ल्यूबी२एस, डब्ल्यूबी३एस म्हणजे बेकेनची बीके७२३१टी. सीबी२एस, सीबी३एस म्हणजे बीके७२३१एन. डब्ल्यूआर३ असेल तर चिप रिअलटेकची.

बेकेन निघाली म्हणून प्लग कोपऱ्यात टाकायचे कारण नाही. तिच्यासाठी ओपनबेकेन हे मुक्त फर्मवेअर आहे, आणि लिब्रेटायनीच्या आधाराने ईएसपीहोम हे दुसरेही चालते. फरक एवढाच की ईएसपीवर फाइल चढवताना ग्राउंडला धरावी लागणाऱ्या जीपीआयओ० या पिनेला इथे काही करायचे नसते. माहिती घेणारी आरएक्स१ आणि पाठवणारी टीएक्स१ या पिना जोडायच्या, संगणकावरचे फ्लॅश टूल सुरू करायचे आणि ते चिपची वाट पाहत असताना सीईएन ही चिप रीसेट करणारी पिन क्षणभर ग्राउंडला टेकवायची. टेकवायला उशीर झाला तर टूल वेळ संपल्याचे सांगते, परत करायचे. मूळ २ एमबी मेमरीची प्रत आधी काढून ठेवणे इथे फार महत्त्वाचे, कारण त्या प्लगचे रेडिओ कॅलिब्रेशन आणि मॅक पत्ता त्यातच असतो.

ईएसपीकडे वळतो, कारण बहुतेकांची सुरुवात तिथेच होते. लागणारे सामान थोडे आहे: सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपचा यूएसबी-सिरियल अॅडॉप्टर, जंपर वायरी, बारीक टोकाचा सोल्डर आयर्न आणि मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळे मिळते. यूएसबी केबल डेटाची आहे ना, ते बघून घ्यावे. नुसत्या चार्जिंगच्या केबलने संगणकावर पोर्टच दिसत नाही आणि लोक ड्रायव्हर शोधत बसतात.

ही चिप ३.३ व्होल्टची आहे. अॅडॉप्टरवर ५ आणि ३.३ असा जंपर असतो, पण काही स्वस्त अॅडॉप्टरांमध्ये तो फक्त व्हीसीसी या पुरवठ्याच्या पिनेचे व्होल्टेज बदलतो, टीएक्सवर ५ व्होल्टच राहतात. दोन्ही पिना मोजून घ्याव्यात. त्याहून जास्त फसवणारी गोष्ट करंटची. एफटी२३२आरएल चिपच्या ३.३ व्होल्ट पिनेतून जेमतेम ५० मिलिअँपिअर मिळतात, सीपी२१०२ मधून १००. फाइल चढवताना वाय-फाय बंद असते, त्यामुळे तेवढ्यावर काम भागते आणि टूल ‘यशस्वी’ म्हणते. मग प्लग सुरू केला की रेडिओ चालू होतो, क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या पुढे करंट मागतो, व्होल्टेज कोसळते आणि चिप रीसेट होत राहते. वापरणाऱ्याला एवढेच दिसते की फर्मवेअर चढले पण टास्मोटाचे वाय-फाय काही उमटत नाही. तो तीच फाइल परत चढवतो, मग जुनी आवृत्ती, मग आणखी कुठली. इलाज साधा आहे. एएमएस१११७-३.३ हा रेग्युलेटर वेगळ्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालवायचा, त्याच्या इनपुट-आउटपुटला कपॅसिटर द्यायचे आणि त्याचा ग्राउंड अॅडॉप्टरच्या ग्राउंडशी जोडायचा. अॅडॉप्टरची व्हीसीसी मग मोकळी ठेवायची.

जोडणी अशी: ग्राउंडला ग्राउंड, अॅडॉप्टरची टीएक्स चिपच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला. जीपीआयओ० ग्राउंडला धरून मगच पुरवठा द्यायचा. सुरू झाल्यावर धरून उपयोग नाही, कारण चिप ती पिन जन्मतःच एकदा वाचते. बऱ्याच प्लगमध्ये पुढचे बटणच जीपीआयओ० ला जोडलेले असते, तिथे बटण दाबून पुरवठा दिला की झाले. चिप कोणत्या अवस्थेत जागी झाली हे पाहायचे असेल तर सिरियल मॉनिटर ७४८८० बॉड वेगावर लावावा. ‘बूट मोड’ पुढे कंसात पहिला आकडा १ आला तर ती फाइल घ्यायला तयार आहे. ३ आला तर नेहमीसारखी सुरू झाली, म्हणजे जीपीआयओ० नीट टेकली नाही. टीएक्स-आरएक्स उलटी झाली असेल तर ‘टाइम्ड आउट’ येते. निम्म्यात तुटत असेल तर वायरी आखूड कराव्यात आणि वेग १,१५,२०० किंवा त्याहून खाली आणावा.

ईएसपीटूल या संगणकावरच्या प्रोग्रॅमने आधी मूळ १ एमबी मेमरी वाचून जपावी, मग पूर्ण पुसावी, मग लिहावे. लिहिताना फ्लॅश मोड ‘डीआउट’ ठेवावा. दुसऱ्या मोडमध्ये लिहिले तर ईएसपी८२८५ वर फाइल चढते पण चिप उठत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर पुरवठा काढून, जीपीआयओ० धरून परत द्यावा लागतो. हे सगळे टर्मिनलवर नको असेल तर टास्मोटाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा वेब इन्स्टॉलर क्रोममधून चालतो. पहिल्या वेळी ‘मिनिमल’ फाइल मात्र घालू नये. ती फक्त आवृत्ती बदलतानाची पायरी आहे. १ एमबी मेमरीत जुनी आणि नवी अशा दोन पूर्ण फाइली मावत नाहीत म्हणून ती केली आहे. ईएसपी३२ साठी नावात ‘फॅक्टरी’ असलेली फाइल लागते.

फर्मवेअर उठले की फोनवर ‘टास्मोटा’ने सुरू होणारे नेटवर्क दिसते. त्याला जोडून १९२.१६८.४.१ उघडायचे आणि घरच्या वाय-फायचे नाव-पासवर्ड द्यायचे. ईएसपी८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते. हल्लीचे फायबर राउटर दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ अशी मिश्र ठेवतात. इथे जोडणी वारंवार फसते. २.४ चे नाव वेगळे करून त्याला निव्वळ डब्ल्यूपीए२ द्यावे.

त्यानंतर त्या प्लगचा टेम्प्लेट निवडावा. कोणत्या पिनेवर रिले (वीज जोडणारा-तोडणारा विद्युत स्विच) आणि कोणत्या पिनेवर बटण, हे त्यात असते. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन प्लगच्या पिना वेगळ्या असू शकतात, म्हणून केस बंद करण्यापूर्वी, ३.३ व्होल्टवरच बटण आणि एलईडी तपासून घ्यावेत. रिलेचा टक् आवाज इथे येईलच असे नाही, त्याची कॉइल बहुधा ५ व्होल्टची किंवा त्याहून जास्त असते.

आता आपल्याकडची खास अडचण. महिन्याभराने ‘प्लग आपोआप कोरा झाला, सगळी सेटिंग्ज गेली’ अशी तक्रार येते, विशेषतः पावसाळ्यात. टास्मोटात एक सोय आहे: दहा सेकंदांपेक्षा कमी अंतराने सहा वेळा वीज बंद-चालू केली आणि सातव्यांदा चालू ठेवली, की सगळी सेटिंग्ज मूळ पदावर जातात. बिघडलेला प्लग न उघडता सोडवण्यासाठी ती ठेवली आहे. वादळात लाइट फडफडते तेव्हा प्लगला तोच इशारा मिळतो. टास्मोटाच्या वेबपानावरील कन्सोलमध्ये ‘सेटऑप्शन६५ १’ ही आज्ञा दिली की ही सोय बंद होते (आज्ञा रोमन लिपीत, शब्द आणि ६५ यांच्यात जागा न सोडता). महाराष्ट्रात ही आज्ञा पहिल्याच दिवशी द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. बटण ४० सेकंद दाबून धरण्याचा मार्ग तरीही उरतो.

दुसरी आज्ञा ‘पॉवरऑनस्टेट’. मूळ किंमत ३ आहे, म्हणजे वीज परत आल्यावर प्लग आधीच्या स्थितीत जातो. दिव्याला ठीक. गिझर, इस्त्री आणि पाण्याची मोटार यांना मात्र ० द्यावे, नाहीतर घरी कोणी नसताना लाइट आली की गिझर सुरू. गिझरला ‘पल्सटाइम’ही (ठरावीक वेळाने आपोआप बंद) द्यावा, पण त्याचे गणित विचित्र आहे: ११२ पासून पुढच्या आकड्यातून १०० वजा करून सेकंद धरले जातात. पंधरा मिनिटांसाठी ९०० नव्हे, १००० लिहायचे.

टायमर चुकतात त्याची दोन कारणे. टास्मोटाचा कर्ता थिओ आरेंड्स नेदरलँड्सचा. मूळ वेळ तिकडची असते आणि घड्याळ साडेचार तास मागे चालते. ‘टाइमझोन’ला +५:३० द्यावे. शिवाय प्लगमध्ये सेलवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की वेळ विसरली, आणि ती परत मिळते इंटरनेटवरून. प्लग आला पण राउटर किंवा फायबरचा डबा अजून उठला नाही, तर तोवर सगळे टायमर गप्प. राउटरला मिनी यूपीएस लावला की हा प्रश्न निम्मा सुटतो.

रिलेविषयी. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३. तेव्हा प्लग १६ अँपिअरचाच हवा. मोटारीचे तसे नाही. सुरू होताना ती चालू करंटच्या कित्येक पट खेचते आणि रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात. मग फर्मवेअर ‘बंद’ दाखवते आणि मोटार चालूच. मोटारीसाठी वायरमनकडून काँटॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) बसवून घ्यावा आणि प्लगने फक्त त्याची कॉइल चालवावी. कॉइलवर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर अशी जोडी नसेल, तर ती सुटताना होणाऱ्या ठिणगीने चिप रीसेट होते.

बोर्डाच्या मागे बसणाऱ्या मॉड्यूलांना न्यूट्रल लागते आणि जुन्या घरांच्या स्विचबोर्डात ती नसते. शेजारच्या सर्किटची उसनी न्यूट्रल घेतली की आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) पडत राहते. काही जण अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून वापरतात, आणि मग ती तार कुठे तुटली की फ्रिजच्या पत्र्यात वीज येते. हे कोणी सुचवले तर दुसरा वायरमन बघावा.

वीज मोजणाऱ्या प्लगचे कॅलिब्रेशन साध्या तारेच्या बल्बवर करावे, एलईडीवर नाही. पण बल्बवर छापलेले वॅट २३० व्होल्टचे असतात. घरात २१० येत असतील तर शंभराचा बल्ब साधारण ८७ वॅटच घेतो, आणि खरे वॅट सांगणाऱ्या ‘पॉवरसेट’ या आज्ञेला १०० दिले की सगळी मोजणी कायमची वर सरकते. आधी मल्टिमीटरने मोजलेले व्होल्ट ‘व्होल्टेजसेट’ला द्यावेत, मग हिशेबाचे वॅट.

एक विनंती आपल्या विभागाला आहे. अशा प्लगचे परीक्षण यापुढे छापाल तेव्हा अॅपचे रंग कमी आणि आत निघालेल्या मॉड्यूलचे नाव, रिलेवर छापलेले अँपिअर आणि सर्किटचा ग्राउंड मेन्सपासून वेगळा आहे की नाही, या तीन गोष्टी आवर्जून द्याव्यात. प्लग उघडून पाच मिनिटांत कळणाऱ्या आहेत, आणि खोक्यावर त्या सहसा लिहिलेल्या नसतात.

आपला,
एक वाचक, सांगली