ड्रेस्डेनच्या आजी, मनापासून आभार

आजी,

माझी चिनी मातीची नर्तकी बाहुली तुम्ही दुरुस्त करून परत दिलीत तेव्हा धड आभारही मानता आले नाहीत. माझं जर्मन भाजीबाजारापुरतं, त्यात घसा दाटून आलेला. म्हणून हे मराठीत लिहितेय. तुमची नात म्हणालीय, कुणाकडून तरी वाचून घेऊ.

ड्रेस्डेनमध्ये पोर्सेलीनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, जुन्या बाहुल्या गोळा करणाऱ्याकडे जवळच्या माइसेन कारखान्याच्या निळ्या तलवारींचा शिक्का असला, तरच त्याला कुणी बसा म्हणतं. १७१० पासूनचा कारखाना, मान असणारच. माझी नर्तकी मात्र थुरिंगिया प्रांतातल्या फोल्कश्टेटची, तो शिक्का नसलेली. घर बदलताना तिचा लेसचा घागरा फुटला. एका नावाजलेल्या दुकानात नेली, तर तिथल्या गृहस्थांनी तिला दंडाला धरून उलटी केली, बुडाचा शिक्का पाहिला आणि म्हणाले, "दुसरी घ्या, स्वस्त पडेल." घागऱ्याचे आणखी दोन कपचे त्यांच्याच काउंटरवर पडले. तेही त्यांनी हाताने झटकून टाकले हो!

तुम्ही शिक्का बघितलाच नाहीत. आधी बोटातली अंगठी काढायला घेतलीत. ती पेराशी अडकली. साबण लावून, फिरवून फिरवून काढलीत, चष्म्याच्या डबीत ठेवलीत, आणि मगच नर्तकीला दोन्ही हातांनी खालून उचललंत. असा घागरा करताना खरी लेस पातळ पोर्सेलीनच्या लगद्यात बुडवून भट्टीत घालतात, सूत जळून जातं, उरतं ते नुसतं कवच. अंगठीचा नुसता खडा लागला तरी तुटतं. त्या दुकानदाराला हे ठाऊक नसेल? ठाऊक असणारे पायलीचे पन्नास मिळतात. परक्या बाईच्या स्वस्तातल्या बाहुलीसाठी बोट लाल होईस्तोवर अंगठी ओढणारं माणूस मला या शहरात पहिल्यांदा भेटलं. माणुसकी म्हणतात ती अशीच असते बहुतेक, कुणाला दाखवायला नसते.

पुढची कारागिरी मला कळत नाही. जिथले तुकडेच हरवले तिथे नवी लेस न चिकटवता भोक तसंच ठेवलंत, हे मात्र फार आवडलं.

आणि बिल? फक्त गोंदाचे पैसे? हे चालायचं नाही. दिवाळीत चकल्या घेऊन येतेय, तेव्हा खरं बिल तयार ठेवा. नाहीतर डबा तसाच परत नेईन.