महालातली रात्र कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नागपूरच्या रात्रीवरचा लेख वाचला. धरमपेठ, शंकरनगर, फुटाळा तलाव, वर्धा रोड, सगळं आलं. फोटोही झकास. पण लेखकाची गाडी झाशी राणी चौकापुढे सरकलीच नाही. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, पूर्वेकडे लोक नऊलाच अंथरूण घालतात की काय, असं परगावच्या माणसाला वाटावं.

मी 31 वर्षं रात्रपाळीचा मुद्रितशोधक होतो. शेवटचं पान सुटलं की दीड-दोनला सायकल काढायची आणि जुन्या शहरातल्या महाल भागातलं घर गाठायचं. मे महिन्यात तेव्हाही ओट्याओट्यावर माणसं बसलेली असत. 45 अंशांत तापलेल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडतात, कूलर नुसता फुरफुरतो. घरात बसून करणार काय? आमच्याकडे रात्री जागायचा शौक नंतर आला, आधी उकाडा होता.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र मी मुद्दाम चितार ओळीतून जात असे. दोनशेच्या बल्बाखाली एक म्हातारे मूर्तिकार डोळे आखायला बसत. ते काम ते शेवटी ठेवत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. भोवती मंडळाच्या पोट्ट्यांचा कालवा चाललेला. पण त्यांचा ब्रश बुबुळाला टेकला की सगळे गप. आखून झालं की ते मूर्तीकडे बघतही नसत. बिडी पेटवायची, पुढची मूर्ती ओढायची.

रमजानात मोमिनपुऱ्यातल्या भट्ट्या सहरीपर्यंत, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणापर्यंत, विझत नाहीत, हे निदान पोट्ट्यांना ठाऊक आहे. कॉटन मार्केटला मात्र पहाटे हौसेनं कुणी जात नाही. भाजीचे ट्रक उतरत असतात, हमालांच्या डोक्यावर पोती, आणि कडेला पोह्यांची गाडी. चन्याचा तिखट रस्सा, म्हणजे तर्री, घातलेले पोहे आता दुपारीही मिळतात, पण पहाटेच्या त्या तर्रीचा झणका वेगळाच. एका हमालानं मला सांगितलं होतं, ‘‘साहेब, डोळ्यांतून पाणी नाही आलं तर झोप उडत नाही.’’ तेव्हापासून मी चना जास्त मागतो आणि तर्री बेतानं.

आता तक्रार. डिसेंबर 2022 पासून मेट्रो पूर्वेला प्रजापतीनगरपर्यंत धावते. कॉटन मार्केट आणि चितार ओळी ही तर तिची स्टेशनंच आहेत. पण शेवटची गाडी दहाच्या सुमारास, म्हणजे नागपूरकर जेवून हात धुतो तेव्हा. परवा पुण्याच्या भाचीला फुटाळ्यावर नेलं. गप्पांत गाडी हुकली. ऑटोवाल्यानं महालाचे साडेतीनशे मागितले. म्हणाला, ‘‘काका, तिकडून रिकामंच परत यावं लागते.’’ त्याचंही खोटं नव्हतं.

राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं बायकांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती हवी आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची. चांगलं आहे. पण गिऱ्हाईक म्हणून बाहेर पडलेल्या बाईचं काय? इतवारी ते बर्डी या पट्ट्यात रात्री अकराला तिला वापरता येईल असं स्वच्छतागृह पुढच्या लेखासाठी आपल्या प्रतिनिधीनं शोधून दाखवावं. भाचीनं नि मी शोधलं. शेवटी एका ओळखीच्या घराची कडी वाजवली.

मेट्रोनं एप्रिल ते जून निदान शनिवार-रविवारी तरी बारापर्यंत गाड्या सोडाव्यात. आणि आपल्या लेखकाला चितार ओळ बघायची असेल तर गणपतीच्या आधी दोन-चार दिवस, दोननंतर यावं. माझी सायकल अजून चालते. कॅरिअरवर बसायची तयारी असावी.

आपला,
एक निवृत्त रात्रपाळीवाला
महाल, नागपूर