जिनिंग सुरू व्हायच्या आत मशीन यायला हवं : आपल्या दमा, अ‍ॅलर्जी व त्वचारोग दवाखान्यासाठी आवाहन

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी, सुरत-नाशिक-पुण्याला नोकरीधंद्यानिमित्त राहणारी आपली मंडळी, यांना सप्रेम नमस्कार.

कानबाई झाली, पोळा झाला, आता गणपती बसतील. दसऱ्याला कापसाचा मुहूर्त आणि दिवाळीच्या मागेपुढे जिनिंगची यंत्रं. दरवर्षी याच दिवसांत दवाखान्याच्या ओट्यावर बाजाराच्या दिवशी रांग वाढते. यंदा त्या रांगेला काय सांगायचं, हे मला सुचत नाही. फुंकायचं मशीन, म्हणजे फुंकलेली हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारा आपला स्पायरोमीटर, आषाढापासून बंद आहे. कंपनी म्हणते की त्या जुन्या मॉडेलचा सेन्सर आता बनत नाही. त्याआधी मे महिन्यात फ्रीज गेला. पारा ४५ च्या वर, दिवसाआड लाइट जाते, त्यात कॉम्प्रेसर बसला. अ‍ॅलर्जी तपासायच्या अर्काच्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. सकाळी सिस्टरताईंनी दार उघडलं तर आत पाणी साचलेलं आणि बाटल्या हाताला कोमट. सगळा संच टाकून द्यावा लागला. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत, हे मुद्दाम लिहितो.

हे फुंकायचं मशीन आलं कसं, ते नव्या पिढीला ठाऊक नसेल म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. आपल्या गुरुजींच्या बाईंना, म्हणजे ज्यांनी आपल्यातल्या निम्म्या लोकांना बाराखडी शिकवली त्या बाईंना, दमा होता. तेव्हा गावात ना वाफेचं मशीन (नेब्युलायझर), ना ऑक्सिजन. एका थंडीच्या रात्री दम फार वाढला, जीप काढली, आणि जळगावच्या अलीकडेच बाई गेल्या. पुढे गुरुजींना पेन्शनच्या फरकाची रक्कम मिळाली. ते दवाखाना चालवणाऱ्या आपल्या मंडळाच्या बैठकीत आले, पिशवीतून पाकीट काढलं आणि म्हणाले, "बाईंच्या नावाचा फोटो लावू नका. मशीन घ्या." फोटो आम्ही लावला नाही. पण त्या मशीनवर फुंकलेला प्रत्येक माणूस बाईंचा विद्यार्थी आहे असं मला वाटतं. गुरुजी आजही बाजाराच्या दिवशी येतात, बाकावर बसतात आणि जाताना एवढंच विचारतात, "मशीन आलं का रे?" आषाढापासून मी "येईल, गुरुजी" असं उत्तर देतो आहे.

बाकीच्यांचंही ऋण लिहिलंच पाहिजे. जिनिंगमधल्या हमाल भावांनी एक दिवसाची हजेरी दिली, तिच्यातून पहिलं वाफेचं मशीन आलं. केळीच्या वखारीवाल्या भाऊंनी कोरोनात त्यांची पिकअप रात्रंदिवस आपल्याकडे लावून ठेवली, डिझेलचा एक रुपया घेतला नाही. भजनी मंडळाच्या बायांनी भिशीचे पैसे आणून दिले आणि पावतीवर नाव घालू दिलं नाही. दवाखान्यासाठी वाचनालयाची खोली ग्रामपंचायतीने दिली. तिचा रंग तरुण पोरांनी स्वतः मारला, म्हणून एक भिंत अजून दोन छटांची आहे. आणि आपले डॉक्टरसाहेब! दर आठवड्याला स्वतःच्या गाडीने येतात. चहा आणि ज्वारीची भाकरी, ठेचा यापलीकडे त्यांनी मंडळाचं काही घेतलेलं नाही.

आता काही जण विचारतात, आणि तोंडावर विचारतात हे बरंच आहे, की खोकला आला तर औषध द्यायचं, त्याला मशीन कशाला? तर सांगतो. खोकला सगळ्यांचा ऐकायला सारखाच असतो. जिनिंगमधल्या माणसाचा, चुलीपुढच्या बाईचा, क्षयाच्या रुग्णाचा आणि दम्याच्या पोराचा. औषध मात्र प्रत्येकाचं वेगळं. दोन आठवड्यांवर खोकला गेला की पहिल्यांदा थुंकी तपासायची, हा डॉक्टरसाहेबांचा कायदा आहे. ती तपासणी आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत निक्षय योजनेतून खात्यावर महिन्याला पैसे येतात, २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. म्हणून क्षयाचा संशय आला की आपण रुग्णाला तिकडेच पाठवतो, जमल्यास सोबत माणूसही देतो. पण थुंकीत काही निघालं नाही तर? तिथून पुढे मशीन लागतं.

अनेर नदीकाठची एक आजी मागच्या हिवाळ्यात आली होती. "माले दम लागस," एवढंच सांगायची. नातवाने आणलेल्या पिशवीत तीन ठिकाणची औषधं होती, सगळी खोकल्याची. सिस्टरताईंनी नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि आपल्या अहिराणीत सुरू झाल्या, "फुक माय, फुक, आखो, आखो!" निदान ६ सेकंद श्वास बाहेर सोडत राहावं लागतं. आजीचे पहिले दोन प्रयत्न फुकट गेले, तिसऱ्याला रेघ नीट उमटली. मग पंपाचे (इनहेलरचे) ४ झोत दिले, १५ मिनिटं बाकावर बसवलं, पुन्हा फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली तर नळ्या औषधाने उघडतात असं धरतात, आणि ही दम्याची मोठी खूण. आजीची त्याहून जास्त वाढली. कागदावरच्या दोन रेघा तिला दाखवल्या, तर बोट लावून बघत राहिली. आज ती सकाळ-संध्याकाळ पंप घेते आणि बाजाराला स्वतः चालत येते. मशीन नसतं तर त्या पिशवीत चौथ्या बाटलीची भर पडली असती.

जिनिंगच्या मंडळींचं आणखी वेगळं. सुट्टी घेऊन सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते, शनिवारपर्यंत जरा सैल होते, पुन्हा सोमवारी तेच. रुईच्या धुळीने होणारा हा त्रास लवकर ओळखला, तोंडाला फडकं बांधलं, काम थोडं बदललं तर आटोक्यात राहतो. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर नळ्या कायमच्या आखडतात. कामाआधी आणि कामानंतर फुंकून पाहिल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून हंगामापूर्वी मशीन हवं असा माझा धोशा आहे.

पंपाबद्दलही लिहितो, कारण घरोघर तोच गैरसमज. पंपाची सवय लागत नाही. गोळीतलं औषध मिलिग्रॅममध्ये, पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे कितीतरी कमी, आणि तेही थेट फुप्फुसात जातं. कोजागिरीला दम्याचं औषध घातलेली खीर घ्यायला आपल्याकडची माणसं जातात. श्रद्धेने जा, कोणी अडवत नाही. पण खीर खाऊन आल्यावर पंप बंद करू नका, हे हात जोडून सांगतो. ज्या मुलांना पंपासोबतचा स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) परवडत नाही, त्यांच्यासाठी ताई ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीला मागे भोक पाडून स्पेसर करतात. डॉक्टरसाहेब म्हणतात, तोंड नीट घट्ट बसलं तर चालतो. पण तान्ह्या पोरांना मास्कवाला स्पेसरच लागतो, आणि ते आता दोनच उरलेत.

त्वचेकडे येतो, कारण रांगेत सर्वांत जास्त माणसं खाजवतच बसलेली असतात. भाव नाही म्हणून कापूस घरात भरून ठेवला, आढ्यापर्यंत, आणि त्याच खोलीत अख्खं घर झोपलं, की अंगभर पुरळ उठतं. शेताच्या बांधावर गाजरगवत, ते उपटायला उघड्या हाताने गेलेल्या बायांच्या पापण्या सुजतात, मानेची कातडी काळवंडते आणि चिरते. कारण सापडलं की निम्मं काम होतं. अ‍ॅलर्जीची टोचून करायची चाचणी त्यासाठीच. हातावर धुळीतले किडे, परागकण, बुरशी, झुरळ अशा अर्कांचे थेंब ठेवायचे, प्रत्येकातून जरासं टोचायचं, १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांधी पट्टीने मोजायची. साध्या सलाइनच्या थेंबापेक्षा ३ मिलिमीटरने मोठी असेल तरच ती धरायची. (गाजरगवताने कातडी चिरते ती याने कळत नाही. त्यासाठी पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवस ठेवाव्या लागतात, त्यांना डॉक्टरसाहेब जळगावला बोलावतात.)

गजकर्णाचं सांगताना माझा आवाज चढतो. माझ्याच पुतण्याच्या जांघेतला चट्टा एका दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मिश्र मलमाने आठ दिवसांत गेला आणि महिन्याभरात कंबरभर झाला. त्या मलमात स्टिरॉइड होतं. खाज दबते, बुरशी आतून पसरते. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम २०१८ पासून आहे, तरी ट्यूब सहज मिळते. आता त्याला काही महिने गोळ्या चालू आहेत.

आणि पाठीवरच्या चट्ट्याचे ते आजोबा. दीड वर्ष ते गजकर्णाचंच मलम लावत होते. डॉक्टरसाहेबांनी रुईचा एक बारीक बोळा केला, आपल्याच गावच्या कापसाचा, आणि म्हणाले, "बाबा, डोळे मिटा. कापूस लागला की बोट वर करा." खांद्यावर बोट वर झालं. दंडावर झालं. चट्ट्यावर तीन वेळा कापूस फिरला, बोट मांडीवरच राहिलं. खोलीत कोणी बोलेना. तो कुष्ठरोग होता. सरकारी गोळ्या मोफत आहेत, ६ किंवा १२ महिन्यांत रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाले की घरच्यांना धोका राहत नाही. आजोबांचा कोर्स पुरा झाला, हातापायात व्यंग आलं नाही. यंदा पोळ्याला बैल त्यांनीच सजवले.

खरजेची गोष्ट तर आपल्या मंडळाचा मानाचा तुरा. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वसतिगृहात सगळी पोरं रात्रभर खाजवायची. एकेकाला औषध देऊन उपयोग नव्हता, कारण पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर शेजारच्या गादीवरही पोहोचलेली असते. म्हणून एकाच रात्री सगळ्या मुलांना, स्वयंपाकाच्या मावशींना, अधीक्षकांना, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत ५ टक्के परमेथ्रिनचं मलम लावलं. सकाळी आंघोळी. चादरी, कपडे गरम पाण्यात आणि मग कडक उन्हात. एक आठवड्याने पुन्हा तेच सगळं. आपली २२ पोरं-पोरी दोन्ही वेळा गेली होती. परत येताना टेम्पोत सगळे झोपले होते, मी एकटा जागा होतो आणि मला या गावाचा फार अभिमान वाटत होता.

म्हणूनच मागच्या वर्षीचं मनाला लागलं. फ्रीज कुरकुरायला लागला तेव्हाच आम्ही आवाहन काढलं होतं. पत्रकं वाटली, ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर अंगठे पुष्कळ आले, बैठकीला मात्र सात माणसं आली, त्यांत पाच मंडळाचीच. त्याच महिन्यात उत्सवाची वर्गणी दोन दिवसांत पूर्ण झाली. उत्सव व्हावा, थाटात व्हावा, मीही त्यात नाचलो आहे. पण ज्यांच्या घरी मध्यरात्री आपलं वाफेचं मशीन पोहोचवलं, त्यांतल्याही काहींनी "बघू" म्हटलं. कोणाचं नाव घेत नाही. रागही नाही. वाईट वाटलं, ते लपवून काय करू?

आता गरज थोडक्यात, कारण कागद संपत आला. स्पायरोमीटर १, तो बरोबर मोजतो का हे तपासायची ३ लिटरची सिरिंज १, तोंडात धरायच्या फिल्टर नळ्या (एकदा वापरून टाकायच्या), फ्रीज १, इन्व्हर्टर बॅटरीसह १, अ‍ॅलर्जीच्या अर्कांचा नवा संच, अचानक मोठी अ‍ॅलर्जी उठली तर लागणारी अ‍ॅड्रिनलिनची इंजेक्शनं (ती टेबलावर नसतील तर डॉक्टरसाहेब चाचणी करत नाहीत), घरी फुंकायचे पीक फ्लो मीटर ४०, मास्कवाले स्पेसर १५, रोजचे पंप, परमेथ्रिन. दरपत्रकं फलकावर लावली आहेत, कोणीही वाचावीत. घरटी किमान २०० रुपये ही विनंती. ज्यांना जास्त शक्य आहे त्यांनी एखादी वस्तूच अंगावर घ्यावी. रोख फक्त खजिनदारांकडे, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. खाते क्रमांक व क्यूआर कोड दवाखान्याच्या खिडकीवर आहे, ग्रुपवर फिरणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही कोडवर पैसे पाठवू नका. औषधं द्यायची तर सीलबंद आणि मुदत किमान ६ महिने शिल्लक असलेली, वापरलेल्या ट्यूब नकोत. पैसे नसतील तर बाजाराच्या दिवशी दोन तास द्या, केसपेपर लिहायला माणूस नाही. अ‍ॅलर्जी चाचणीसाठी नाव दिलेल्यांना नवा संच आला की निरोप येईल, तेव्हा आधी साधारण ७ दिवस सर्दी-खाजेची गोळी घेऊ नये, मात्र दम्याचा पंप चालूच ठेवावा आणि दुसरी कोणतीही गोळी स्वतःहून थांबवू नये. देणगी घटस्थापनेपर्यंत पोहोचावी, कारण मशीन मागवल्यावर यायला आणि ताईंना शिकायला दोन-तीन आठवडे जातात. हिशेब कोजागिरीच्या दिवशी वाचनालयाच्या ओट्यावर वाचला जाईल. बैठक येत्या रविवारी संध्याकाळी ७ वाजता तिथेच, सतरंज्या घातलेल्या असतील. गुरुजी येणार आहेत.

आपला,
सचिव
(मंडळाच्या वतीने)