दारू एकदम सोडताय? आधी डॉक्टरला दाखवा

संपादक साहेब,

आमच्या परभणीकडं आषाढी आली की घरचे पिणाऱ्याच्या गळ्यात माळ घालतात अन् त्या दिवसापासून दारू एकदम बंद, माळेला माझा विरोध नाही, पण रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, काहींना पहिल्या ४८ तासांत फिटसुद्धा येते. दोन-तीन दिवसांनी भास होऊन माणूस बरळायला लागला की लोक म्हणतात बाहेरचं लागलं, अन् नेतात देवऋषीकडं! अहो, त्यात जीव जाऊ शकतो, सरळ सरकारी दवाखाना गाठा, तिथं औषधं अन् व्हिटॅमिन बी-१ चं इंजेक्शन देतात. नुसतं विचारायचं असलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

– एक वाचक, जि. परभणी