गाणे छापता, मग चालही छापा

संपादक महोदय,
स. न.

लोकशाहीर वामनदादा कर्डकांवरच्या आपल्या पुरवणीतील लेखात ‘तयार चालींवर शब्द बसवले’ असे एक वाक्य जाता जाता येऊन गेले. सूर असा, की हे काम जरा हलकेच. लिहून गाणाऱ्याची सगळी कारागिरी या ‘बसवण्या’तच असते, आणि ती एका ओळीवर दाखवता येते.

‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’. मात्रा मोजा (ऱ्हस्व अक्षराची 1, दीर्घाच्या 2): भी 2, मा 2, तु 1, झ्या 2, म 1, ता 2, चे 2. झाल्या 12. पुढच्या अर्ध्या ओळीतही तेवढ्याच, त्याच क्रमाने. ‘जर’ आणि ‘अस’ या जोड्या एकेका गुरूच्या, म्हणजे दोन मात्रांच्या अक्षराच्या, जागी बसतात. (‘तुझ्या’तला तु जोडाक्षराआधी असला तरी ऱ्हस्वच धरायचा, मराठीत त्यावर आघात येत नाही.) हे आनंदकंद वृत्त. इक्बालांचे ‘सारे जहाँ से अच्छा’ याच मापाचे, सुरेश भटांचे ‘केव्हातरी पहाटे’ही याच मापाचे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या आणि मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झालेल्या दादांना हे माप छंदशास्त्राच्या पुस्तकाने दिलेले नाही. ते कानाने आले. गावाकडचा तमाशा आणि गवळण आधीपासून कानात होतीच, मुंबईत कव्वाली आणि हिंदी सिनेमाची गाणी त्यात मिसळली. 1943 सालची त्यांची पहिली रचनाही एका हिंदी गाण्याच्या विडंबनातूनच झाली.

दुसऱ्या ओळीत तर कव्वालीचा कान उघडच दिसतो. तिची सुरुवात ‘तलवारीचे’ अशी छापतात. ‘री’ दीर्घ म्हटली की एक मात्रा वाढते. गाताना ती ‘तलवारिचे’ अशी आखडावी लागते, उर्दूत मात्रा पाडतात तशी. शुद्धलेखन पाहणाऱ्याला इथे चूक दिसेल, ढोलकीवाल्याला नाही. यमकाचेही तेच. ‘लोक असते’, ‘टोक असते’ यांत ‘असते’ हा रदीफ, म्हणजे यमकानंतर दर वेळी तसाच परत येणारा शब्द. ओळ नुसत्या ‘लोक’वर संपली असती तर सूर धरताना ‘लोकऽऽ’ असा ओढलेला, मराठीत नसलेला उच्चार झाला असता. ‘ते’ स्वरान्त आहे, म्हणून मागच्या कोरसला तिथे हवे तेवढे थांबता येते.

आता ठेका. दादरा तालाच्या 6 मात्रांत ही ओळ घेताना नवे गायक सर्रास ‘भी’वर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, धरतात. 12 मात्रा म्हणजे तालाचे दोन फेरे, दोन आवर्तने, हिशोब बरोबर वाटतो. पण मग दुसरी सम ‘झ्या’च्या ऐन मध्यावर पडते, तिथे अक्षरच नाही, आणि गाणे लंगडते. ‘भी’ समेच्या दोन मात्रा आधी उचलायचा. मग ‘मातुझ्याम’ हे एक आवर्तन, ‘ताचे’ आणि पुढचा ‘जर’ मिळून दुसरे, ‘पाचलोक’ तिसरे, ‘असते’ आणि पुढच्या ओळीचा ‘तल’ मिळून चौथे. समा पडतात त्या मा, ता, पा आणि अ यांवर. 8 मात्रांच्या केरवा तालात घ्यायची तर प्रत्येक अर्ध्या ओळीला 16 मात्रांची जागा मिळते; उरलेल्या 4 ‘चे’वर आणि ‘ते’वर भरून काढायच्या, मधेच वाटून टाकायच्या नाहीत. वाटल्या की मत, लोक हे शब्द ताणले जातात आणि अर्थ निसटतो.

यातले काहीही छापील संग्रहातून कळत नाही. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत, अगदी 1882 च्या ‘सौभद्र’पासून, पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहीत आले आहेत. उसनी चाल सांगायला किर्लोस्करांना कमीपणा वाटला नाही. मग लोकशाहिरांच्या गाण्यांवरून ती ओळ का गळावी?

जे कोणी गायनपार्ट्यांकडून, म्हणजे ही गाणी गाणाऱ्या संचांकडून, गाणी उतरवून घेत असतील, त्यांनी निदान एवढे करावे. ध्रुवपद आणि पहिले कडवे एकदा बिनसाथीचे रेकॉर्ड करावे, कारण बँजो आणि ढोलकीत ऱ्हस्व-दीर्घ बुडून जातात. मग तेच साथीसह. वहीत मूळ चाल कुठली, ठेका कुठला, गायकाची पट्टी (पेटीची काळी दोन की पांढरी चार), उठाण समेवर की समेआधी, आणि कोरस नेमका कुठल्या अक्षरावर उचलतो हे टिपावे. जिथे लिहिलेले दीर्घ अक्षर ऱ्हस्व गायले जाते, तिथे पेन्सिलने खूण करावी. मूळ शब्द ‘दुरुस्त’ करू नये. एका गाण्याला अर्धा तास पुरतो, आणि हे सांगू शकणारे पेटीवाले आज सत्तरीच्या पुढे आहेत.

– लोकगीतांचा एक अभ्यासक, नाशिक