काका, बाबांना काँक्रीट दाखवलंत त्याबद्दल

काका, सा. न.

नाव लिहीत नाही, कारण तुम्हाला आवडणार नाही. मागे मंडळाच्या गणपतीत कुणी तरी माइकवरून नुसते आभार मानले तर तुम्ही उठून किचनमध्ये मोदकांच्या पातेल्यामागे जाऊन उभे राहिलात. फोनवर थँक्यू म्हटलं की "बरं बरं, बाबा काय म्हणतायत" करून विषय बदलता, म्हणून मग आता सगळ्यांसमोरच लिहितेय.

बाबा मे महिन्यात आमच्याकडे मिलवॉकीला आले तेव्हा त्यांची काय अवस्था होती ते तुम्ही बघितलंच. आई दोन आठवड्यांत रुळली, पार्कात मैत्रिणी काय, लायब्ररीचं कार्ड काय. आणि बाबा, सांगलीत ३८ वर्षं आरसीसीची कामं केलेला माणूस, रोज सकाळी उठून आमच्या हॉलच्या भिंतीवर टकटक करायचे. "पोकळ वाजतंय गं. ही काय घरं, खोकी नुसती." आम्ही दोघं दिवसभर मीटिंगमध्ये, वीकेंडला दमलेले, नायगारा नायगारा नुसतं म्हणत होतो आणि होत काहीच नव्हतं. तुम्ही चहाला आलात तेव्हापण त्यांनी तुम्हाला भिंत वाजवून दाखवली, मला तर लाज वाटली. तुम्ही कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "चला, तुम्हाला काँक्रीट दाखवतो."

मला वाटलं फॉलिंगवॉटरला न्यायचं म्हणताय, फ्रँक लॉइड राइट, तो अमेरिकन आर्किटेक्ट, म्हटलं की सगळे त्या धबधब्यावरच्या घराचेच फोटो टाकतात. तर तुम्ही म्हणालात घरं नंतर, घरात एक पैसेवाला राहतो, ऑफिसात शेकडो माणसं रोज बसतात, देवळात गावातलं कुणीपण येतं, या माणसाची तीच कामं बघायची. हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, आता पटतंय.

तर आधी रसीन, आमच्या जवळचंच गाव. तिथलं राइटनं केलेलं जॉन्सन वॅक्स या पॉलिशच्या कंपनीचं ऑफिस, १९३९ ला पूर्ण झालेलं. टूरचं बुकिंग तुम्ही केलंत, गाडी तुमची, पोळीभाजीचे रोलपण काकूंनी दिलेले. आत जायच्या आधीच बाबा बाहेरच्या विटांपाशी थांबले, आठवतंय ना? आडव्या जॉइंटमधला माल खोल काढलेला, उभ्या जॉइंटमधला विटेला सपाट आणि विटेच्याच रंगाचा, त्यामुळे अख्खी भिंत आडव्या रेघांची दिसते. मी तिथून शंभर वेळा गेले असते तरी मला दिसलं नसतं. ते बोट फिरवत म्हणाले, "मिस्त्री चांगला होता." महिन्याभरात पहिल्यांदा कशाला तरी चांगलं म्हणाले.

आणि मग आतला तो हॉल. खांब खाली फक्त ९ इंच, वर जाताना रुंद होत होत माथ्यावर १८.५ फुटांचं तबक, एकाशेजारी एक तबकं आणि मधल्या फटींतून उजेड. बाबा बघतच राहिले. "उलटा खांब आहे हा," म्हणाले, "कुत्र्याची छत्री." गाइड काही तरी सांगत होती पण तुम्ही तिचं भाषांतर करायचं सोडून बाबांनाच विचारलंत, "साहेब, तुम्ही असता तर याचं सेंटरिंग, ओतकामाचा साचा नि टेकू, कसं केलं असतं?" काका, तुम्ही स्वतः स्ट्रक्चरल इंजिनियर, तुम्हाला काय माहीत नव्हतं? पण विचारलंत. आणि बाबा जे सुरू झाले ते घरी येईपर्यंत थांबलेच नाहीत. खांब आतून पोकळ आणि सळ्यांबरोबर स्टीलची जाळी घातलेली हे तुम्ही सांगितल्यावर तर म्हणाले "मग बरोबर आहे, जाळीनं धरलंय."

१९३७ ची ती टेस्ट मी आता ऑफिसात पण सांगते सगळ्यांना. सरकारी कमिशनला एवढ्या बारीक खांबाचा भरवसा नव्हता, म्हणून राइटनं एक खांब नुसता उभा करून त्यावर वजन टाकून दाखवलं. पाहिजे होतं १२ टन. ६० टनांपर्यंत गेले, मग शेवटी तो पाडला. बाबांनी हे तुमच्याकडून तीनदा ऐकलं. छताच्या काचेच्या नळ्या, एकूण ४३ मैल म्हणे, त्या गळायच्या हे ऐकून तर त्यांना फारच बरं वाटलं. "बघ, एवढ्या मोठ्या माणसाचंपण लीकेज होतं, आणि लोक आम्हाला शिव्या घालतात."

शिकागोजवळच्या ओक पार्कचं युनिटी टेंपल, राइटचंच चर्च, मात्र वेगळंच. १९०५ ला जुनं चर्च वीज पडून जळालं, बजेट थोडं, म्हणून काँक्रीट, आणि तेपण वर दगडबिगड न चिकटवता तसंच उघडं ठेवलेलं, त्या काळात. रस्त्यावरून दार सापडत नाही, बाजूनं जायचं, आत बुटका अंधारा बोळ, आणि तिथून वर चढलं की एकदम पिवळसर उजेड. बाहेरचा रस्ता ऐकूच येत नाही. तिथं निघताना तुम्ही दाखवलंत की बाहेर पडायची दारं व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना आहेत, म्हणजे प्रार्थना संपली की लोक धर्मगुरूकडे पाठ न करता त्याच्या दिशेनंच चालत बाहेर जातात. आई पटकन म्हणाली, "मग आपलं काय वेगळं असतं." बाबा काहीच बोलले नाहीत, पण गाभाऱ्यातून निघतात तसे चार पावलं उलटे चालले. मी बघितलं. तुम्हीपण बघितलंत, आणि मुद्दाम दुसरीकडे बघायला लागलात.

परतीच्या वाटेवर तुम्ही राइटच्या पाडलेल्या बिल्डिंगा सांगितल्यात, बफेलोचं लार्किन ऑफिस १९५० ला, टोकियोचं इम्पीरियल हॉटेल १९६८ ला, जे १९२३ च्या भूकंपात उभं राहिलं आणि नंतर माणसांनी पाडलं. आणि अहमदाबादला कॅलिको मिलच्या दुकानासाठी त्यानं केलेलं डिझाइन, जे बांधलंच गेलं नाही. बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "आम्हाला बोलवायचं होतं, आम्ही बांधलं असतं." तुम्ही एवढे हसलात की एक्झिट चुकली.

आता बाबा परत सांगलीत आहेत. रसीनचा फोटो त्यांच्या जुन्या मिस्त्रीला दाखवला तर तो म्हणे, सगळं ठीक आहे, पण ६० टन माल त्या तबकावर चढवला कसा? मी क्रेन म्हणून सांगितलं तर माझ्यावर विश्वास नाही, "काकांना विचार" म्हणतात. तेवढा एक फोन करा. तिकडच्या सकाळी आठच्या आत, नंतर ते साइटवर जातात. हो, परत जायला लागलेत.

तुमची,
मिलवॉकीची पोरगी