ब्राझीलले जाता तं पिवळ्या तापाची लस आधी घ्या

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या यवतमाळकडले सोयाबीन, कापूसवाले शेतकरी आता ब्राझीलची शेती पाहाले जायच्या गोष्टी करतात, चांगलंच आहे, पण एक गोष्ट पेपरात छापा. मी गेलो तवा एजंटनं व्हिसा, तिकीट सगळं सांगतलं पण पिवळ्या तापाच्या (यलो फीव्हर, डास चावून होणारा आजार) लसीचं नावच नाही काढलं. ते लस जायच्या कमीत कमी 10 दिवस आधी घ्या लागते अन् सरकारमान्य सेंटरवरच भेटते. वापस येताना मुंबईले लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात, नसलं तं 6 दिवस वेगळं ठेवू शकतात. माह्यासोबतच्या एका काकांचं कार्ड मोठ्या बॅगीत गेलं होतं, त्यायचा चेहरा अजून डोळ्यापुढं आहे. म्हणून कार्ड खिशातच ठेवा!

तिथं पोर्तुगीज चालते, इंग्रजी कमीच, म्हणून मोबाईलमधी ट्रान्सलेटर डाऊनलोड करून ठेवा. भात अन् घेवड्यासारख्या दाण्यायची उसळ सगळीकडं भेटते, पण शाकाहारी माणसानं मांस नाही ना हे दोनदा इचारा, उसळीतही डुकराचं मटन राहू शकते. जून-जुलैत दक्षिणेकडं थंडी राहते, स्वेटर न्या.

एक शेतकरी, आर्णी तालुका